खुंटीच्या भोकातला गंज

फार पूर्वी, उगवतीच्या समुद्रातल्या एका बेटावर एक म्हातारा पारखी राहत होता. त्या बेटावरच्या तलवारी लांब आणि किंचित वाकड्या पात्याच्या. जुनी म्हणून आणलेली तलवार खरी की बनावट, ते हा सांगायचा आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लोक पात्याची चमक बघून भुलत. म्हातारा चमकेकडे ढुंकूनही बघत नसे. तो मुठीतली बांबूची खुंटी काढायचा, मूठ उतरवायचा आणि मुठीच्या आत दडलेला भाग निरखायचा. पातं घासतात, पुसतात, पण हा आतला भाग कधीच कुणी घासायचा नाही, असा तिथला दंडक होता. शंभर-दोनशे वर्षांचा गंज तिथं थरावर थर साचतो आणि तलवारीचं वय तोच सांगतो. तो पुसला की साक्षीदारच गेला.

एका वसंतात बेटावरच्या देवळात एक पुरातन तलवार ठेवायचं ठरलं. पारख्यांची सभा भरली. तीत एक तरुण बाई लांबलचक गाठोडं घेऊन आली. गाठोड्याचं फडकं निळं होतं, त्यावर पांढरे बगळे होते.

म्हाताऱ्यानं ते पाहताक्षणी ओळखलं. हे फडकं त्यानं पन्नास वर्षांपूर्वी कितीदा तरी धुऊन वाळत घातलं होतं. त्याच्या गुरूचंच ते. त्याला गुरूची ओसरी आठवली, तलवारीला लावायच्या लवंगेच्या तेलाचा वास आठवला. गुरुजी तेल लावताना एकच गाणं गुणगुणायचे, तेही बेसूर. ते दिवस किती चांगले होते, हे तेव्हा कुठं कळत होतं?

"माझ्या आजोबांची तलवार आहे," बाई म्हणाली. "ती देवळात राहावी अशी त्यांची इच्छा होती."

सभेच्या प्रमुखानं मूठ उतरवली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आतला भाग नव्या पळीसारखा लखलखत होता.

"ही तर कालपरवाची," तो म्हणाला. "बनावट तलवार भट्टीत जाते, बाई. तिचे खिळे करतात. आणि देवळाच्या भिंतीवर जुन्या पारख्यांची नावं कोरली आहेत ना, त्यातलं तुझ्या आजोबांचं नावही खरवडावं लागेल."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. म्हाताऱ्याला राहवलं नाही.

"थांबा," तो म्हणाला. "खुंटीच्या भोकात बघा. उन्हात धरून बघा."

प्रमुखानं तलवार दारातल्या उन्हात धरली. खुंटी जाते त्या बारीकशा भोकाच्या आतल्या कडेला काळपट, घट्ट गंज होता. तिथं कुणाचं बोट पोचलं नव्हतं. सगळ्यांनी पाळीपाळीनं पाहिलं आणि माना डोलावल्या. तलवार खरी होती, चांगली तीनशे वर्षांची.

"पण मग बाहेरचा गंज कुणी घासला?" प्रमुखानं विचारलं. "साक्ष पुसणाऱ्याला पारख्यांत जागा नाही. त्याचं नाव दोषी म्हणून लिहून ठेवावंच लागेल."

"आजोबांनी नाही घासला," बाई म्हणाली.

"मग कुणी?"

"ते मी सांगणार नाही."

प्रमुखानं सुस्कारा सोडला. "म्हातारपणी त्यांना सुचेनासं झालं असेल. त्यांचंच नाव लिहू या. गेलेल्या माणसाला त्याचं काय?" मग तो म्हाताऱ्याकडे वळला. "तुम्ही त्यांचे शिष्य. तुम्हाला काय वाटतं?"

म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मानमरातब, आसन, कमरेला लटकणारी पारख्याची मुद्रा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण डोळ्यांपुढे ती दुपार उभी राहिली. त्याचं शिकायला आल्याचं पहिलंच वर्ष. उत्सव तोंडावर आलेला, गुरुजी गावात गेलेले. त्यांना खूश करावं म्हणून हा विटेची भुकटी घेऊन बसला आणि याच तलवारीचा मुठीआतला भाग गुरूचंच गाणं गुणगुणत तासन्‌तास घासत राहिला. गुरुजी परतले आणि बघून दारातच मटकन खाली बसले. पण रागाचा एक शब्द नाही. त्यांनी मूठ चढवली, खुंटी ठोकली, हात धुतले आणि म्हणाले, "चल, भात निवतोय."

"मी घासली," म्हातारा म्हणाला. "त्यांच्या सगळ्यात उतावळ्या शिष्यानं. हे पन्नास वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. मी भ्यालो."

त्यानं मुद्रा सोडून प्रमुखापुढे ठेवली. नियम तो नियम, मुद्रा परत मिळाली नाही.

बाहेर पडताना बाईनं त्याला गाठलं.

"काका, ते आजोबांच्या शिष्याचं काम, एवढं मला माहीत होतं," ती म्हणाली. "आजोबा दर वर्षी तलवारीला तेल लावायचे आणि त्या चमकत्या भागावरून हात फिरवायचे. म्हणायचे, माझ्या पोरानं केवढ्या मायेनं घासलंय बघ. मी नाव विचारलं की म्हणायचे, त्याचं नाव त्याचं तोच सांगेल."

म्हातारा देवळाच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

पुढं तलवार देवळात गेली. गुरूचं नाव भिंतीवर तसंच राहिलं. दर वसंतात म्हातारा तलवारीला तेल लावायला यायचा. मुलं भोवती जमली की तो मूठ उतरवून दाखवायचा. "हे माझं काम," तो सांगायचा आणि पुन्हा तेल लावू लागायचा, तेच गाणं गुणगुणत, बेसूरच.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: आपली चूक पोटात घालणाऱ्याचं ऋण, ती आपल्या तोंडानं कबूल केल्याशिवाय फिटत नाही.