अध्यक्षांच्या कानातलं यंत्र

बुद्धिबळात मुकुंद आरवाडेचं नाव जेमतेम वर्षभर गाजलं, आणि त्या वर्षभर बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष दौलतराव शितोळे यांना धड झोप नव्हती. टपाल कचेरीतला पन्नाशीचा कारकून नामांकित खेळाडूंना लोळवतो म्हणजे काय? यात काहीतरी काळंबेरं असणारच.

शेवटच्या स्पर्धेचा शेवटचा डावही मुकुंदाने जिंकला. निकालपत्रावर अध्यक्षांची सही झाली की ग्रँडमास्टर किताबासाठी त्याचं नाव पुढे जाणार होतं. दौलतरावांनी पेनाला टोपण लावलं.

"आरवाडे, तुमच्या कानातल्या त्या यंत्रातून खेळ्या कोण सांगतं?"

मुकुंदाने अध्यक्षांच्या ओठांवरून प्रश्न ओळखला. त्याने श्रवणयंत्र काढलं, कळ दाबून सुरू केलं आणि पुढे धरलं.

"साहेब, तुम्ही जिल्ह्याचे माजी विजेते. हे घाला आणि माझ्याशी एक डाव खेळा. सांगणारा कुणी असेल, तर आता तो तुमच्या बाजूने आहे."

शंभर माणसांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. दौलतराव यंत्र घालून बसले. आधी पंख्याची घरघर आली, मग मागच्या रांगेतली कुजबुज.

"अध्यक्षांचा वजीर गेला बघ."

"जिल्ह्याचा चषक मिळाला तेव्हा पंच त्यांचे सख्खे मामा होते."

विसाव्या खेळीला मात झाली. दौलतरावांनी घाईघाईने यंत्र परत केलं आणि मुकाट्याने सही केली.

"यातून फारच ऐकू येतं हो," ते पुटपुटले.

"येतं ना," मुकुंद म्हणाला. "म्हणून खेळताना मी ते बंद ठेवतो."