पाळणा आणि पखाल

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. नदीकाठच्या एका हिरव्यागार गावात एक सुतारीण राहत होती. नवरा वारलेला, एकुलती एक लेक दूर वाळवंटातल्या नगरात दिलेली. एके दिवशी तिकडचा उंटवाला निरोप घेऊन आला. "मावशी, लेकीचे दिवस भरत आलेत. तुम्हाला न्यायला आलोय."

सुतारीण हरखली. बांधाबांध सुरू झाली. डिंकाचे लाडू, लोणच्याची बरणी, तुपाचा डबा, मऊ दुपटी. शेवटी तिनं माळ्यावरून सागवानी पाळणा उतरवला. नवऱ्यानं तो शेवटच्या आजारपणात, थरथरत्या हातांनी नातवंडासाठी घडवला होता.

उंटवाल्यानं तो ढीग पाहून कपाळाला हात लावला. "मावशी, तीन दिवसांची वाट, आणि ऊन नुसतं आग ओकतं. पाण्याच्या दोन पखाली हव्यातच. पाळणा घेतला तर एकच मावेल."

"वाटेत विहीर आहे ना?"

"आहे. पण तिचा काय भरवसा?"

"मी थोडंच पिते रे. लेकीकडे रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

तिचे डोळे भरून आले, तसा तो पाळणा उंटावर बांधू लागला. एक पखाल मागे राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी विहीर लागली. उंटवाल्यानं पोहरा सोडला, तो वाळू घेऊन वर आला.

त्यानं पखालीतलं उरलंसुरलं पाणी तिच्या तांब्यात ओतलं.

"आणि तू?"

"मी मघाशीच प्यायलो."

पण त्याचे ओठ फुटले होते. उंटानं तर बसल्या जागी मान टाकली होती. हे सगळं आपल्या हट्टापायी, हे सुतारणीला कळून चुकलं.

"अर्धं तू पी," तिनं तांब्या त्याच्या हाती दिला. "आईनं सांगितलंय समज."

मग ती उठली आणि उंटावरच्या दोऱ्या सोडू लागली. बरणी उतरली, डबा उतरला, लाडू-दुपट्यांचं गाठोडंही उतरलं. पाळण्याच्या गाठीशी मात्र हात अडखळला. तिनं त्या लाकडावरून एकदा हात फिरवला, पाळणा विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि मागं वळून पाहिलं नाही.

हलका झालेला उंट धडपडत उठला. दिवस मावळता मावळता नगराची वेस दिसली.

लेक दारातच उभी होती. "आधी याला पाणी दे, उंटालाही दे," एवढं सांगून म्हातारी उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. "तुझ्या बाबांच्या हातचा पाळणा वाळूत टाकून आले गं. काहीसुद्धा आणलं नाही तुला."

पाणी देऊन लेक परत आली. अवघडत खाली बसली आणि तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"बाबा असते तर त्यांनीच तो आधी उतरवला असता. आणि आई, मी रोज त्या रस्त्याकडे डोळे लावून बसत होते, ते तू येशील म्हणून."

पाचव्या दिवशी तिला मुलगी झाली. बारशाला सुतारणीनं उंटवाल्याला शेजारी बसवून, आग्रह करकरून जेवू घातलं.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: आपलं माणूस आपली वाट बघत असतं, आपल्या गाठोड्याची नाही.