ग्रहणातलं पाणी

"म्हणजे आजवर आपण लोकांना खोटंच सांगत आलो?"

मठातल्या शिष्याचा, शंभूगिरीचा आवाज चढला होता.

केशवगिरी महाराजांनी मोबाईल खाली ठेवला. म्हातारपणी त्यांना खगोलशास्त्राचा नाद लागला होता. कुणी एक तरुण बाई व्हिडिओत ग्रहतारे समजावून सांगायची आणि महाराज समोर बसल्यासारखी मान डोलवायचे. कळलं नाही की मागे नेऊन पुन्हा ऐकायचे.

"खोटं नाही," ते म्हणाले. "माहीत नव्हतं."

"बाहेर माणसं जप करत बसलीत. ग्रहण लागलंय. त्यांना जाऊन सांगू, की ग्रहणात पाणी प्यायलं तरी काही होत नाही?"



तेवढ्यात अंगणात गलका झाला.

दिवस भरत आलेली सुलू भिंतीला टेकल्या टेकल्या खाली घसरली होती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

"पाणी..."

"थोडं थांब गं, सुटेल आता," सासू रडवेली झाली. "मागच्या खेपेला पोर हातचं गेलंय आपलं..."

महाराजांनी माठातून तांब्या भरला. शंभूगिरी उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"तिला काही झालं तर लोक मठ शिल्लक ठेवणार नाहीत."

"बाजूला हो."

"तुमच्या गुरूंनी हेच शिकवलं तुम्हाला?"

"नाही. ग्रहणात पाणी पिऊ नकोस, असं शिकवलं. त्यांनाही माहीत नव्हतं."

...

शंभूगिरी बाजूला झाला.

बाहेर ऊन राखेसारखं झालं होतं. जप थांबला. महाराज अंगणाच्या मधोमध उभे राहिले, तांब्या वर धरला आणि सगळ्यांसमोर आधी स्वतः पाणी प्यायले.

"शिव शिव!" कुणीतरी पुटपुटलं. दोघंतिघं उठून चालते झाले.

महाराज सुलूजवळ बसले.

"पोरी, चंद्राची सावली पडलीय नुसती. सावलीत बसून पाणी पितेस की नाही एरवी?"

सुलूनं सासूकडे पाहिलं.

मग सासूनंच तांब्या घेतला आणि सुनेच्या ओठांना लावला.

कुणी हललं नाही. सगळ्या अंगणात फक्त सुलूचे घोट ऐकू येत होते.

शंभूगिरी महाराजांच्या कानाशी वाकला.

"आणि उद्या ती मोबाईलमधली बाईही चुकीची निघाली तर?"

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तेव्हाही, तहान कुणाला लागलीय ते आधी बघ."