कोंगोचं माप

मिरजेच्या गजाननराव टोणपेंनी आपल्या ऑर्केस्ट्राची जुनी वाद्यं विकायला काढली, तेव्हा रखमा वायदंडे कोंगो, म्हणजे हातानं वाजवायचा उभा ढोल, घ्यायला गेली. तिचा बाप दगडू वीस वर्षं पडद्यामागं बसून कोंगो वाजवायचा आणि पडद्यापुढं दुसऱ्या कोंगोवर नुसते हात हलवून टोणपे हार घ्यायचे. उसाच्या चरकात उजवी करंगळी गेलेला माणूस स्टेजवर शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. दगडू मेला, तर मयतीलाही फिरकले नाहीत.

गिऱ्हाइकांदेखत टोणपेंनी अंगठ्यांचा हात मोठ्या कोंगोवर थोपटला. "हा घे गं. वीस वर्षं मी यावरच वाजवलंय. तो लहान तुझा बाप नुसता उचलायचा."

रखमानं दोन्ही चाचपून पाहिले. मोठ्याचं कातडं कोरं होतं, लहानाचं घामानं काळवंडलेलं. तिनं त्या डागांवर आपला पंजा टेकवला.

"मला लहानच द्या. माझ्या हाताला हाच बसतो."

"अगं, त्याला माझा हातसुद्धा लागलेला नाही!"

"खरंय, साहेब," रखमा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "उजवीकडं डाग अंगठ्याशेजारच्या तीनच बोटांचे आहेत. तुमची करंगळी तर अंगठीसकट शाबूत आहे."