ढवळीचा एक डोळा निळा कसा झाला

एकदा काय झालं, पार उत्तरेला, जिथं समुद्रसुद्धा गोठतो अशा मुलखात, तिनेना नावाची एक बाई राहायची. तिथं ना बैल, ना घोडा. गाडी ओढायची ती कुत्र्यांनी. आणि गाडीला चाकं नाहीत बरं का! खाली नुसत्या लाकडाच्या पट्ट्या, बर्फावरून सुळकन घसरणाऱ्या. मुक्ते, हसू नकोस, खरंच सांगते.

तिनेनाच्या कुत्र्यांचं खाणं एवढंसं, पण दिवसभर पळाली तरी दमायची नाहीत. अंगावर केसांचे दोन थर. आत कापसासारखे मऊ, वर राठ. भुंकायची क्वचितच, पण गळा काढायची हौस मात्र दांडगी. सगळ्यांच्या पुढं धावायची ढवळी. तिचं खरं नाव निराळं होतं, पण ते घेताना माझी कवळी निसटते. म्हणून आपली ढवळीच. डोळे दोन्ही तपकिरी.

तर एक दिवस तिनेनाची तान्ही लेक तापानं फणफणली. दूध पिईना, डोळे उघडीना. नवरा गेलेला शिकारीला. औषध देणारी म्हातारी राहायची गोठलेल्या खाडीच्या पलीकडे. मग तिनेनानं बाळाला कातड्यात गुंडाळलं, छातीशी बांधलं, कुत्री जुंपली आणि निघाली.

थोडं पुढं गेली, तर ढवळी थांबली. तिनेना उतरून बघते तो काय, कुत्र्यांच्या बोटांमध्ये बर्फाचे खडे अडकलेले. तिनं एकेक पंजा हातात घेतला, तोंडाच्या वाफेनं ऊब दिली आणि खडे काढले. मग पुन्हा पळापळ.

मग सुटलं वादळ. आपलाच हात आपल्याला दिसेना. ढवळी परत थांबली. अंगाचं मुटकुळं केलं, शेपटी नाकावर ओढली आणि बसली. बाकीचीही तिला चिकटून तशीच बसली. तिनेना बाळाला घेऊन त्या केसाळ घोळक्यात शिरली. बाहेर मरणाची थंडी, आणि आत, काय सांगू, चुलीपुढं बसल्यासारखी ऊब!

वादळ निवळलं. समोर म्हातारीच्या घराचा धूर दिसला. तिनेनाचा जीव भांड्यात पडला. आणि नेमकी तिथंच ढवळी तिसऱ्यांदा थांबली. काही केल्या हलेना. इकडे बाळाचा श्वास मंदावत चाललेला.

"चल गं बाई, चल! घर समोर दिसतंय की!"

पुढच्या कुत्र्यावर हात उगारायचा नाही, असा तिथला रिवाज. पण आईचं काळीज ते. तिनेनानं काठी उगारली.

ढवळी खाली बर्फात बघत होती. बर्फाखालून समुद्र वर बघत होता. भुकेला होता. म्हणाला, "ते बाळ मला दे." ढवळीनं त्याच्या नजरेला नजर भिडवली आणि पापणी काही लववली नाही. शेवटी समुद्रच चिडला. काडकन आवाज झाला, समोरचा बर्फ दुभंगला आणि काळं पाणी उसळलं. गाडी जरा पुढं असती, तर सगळीच्या सगळी तळाला गेली असती रे!

तिनेनाच्या हातून काठी गळून पडली. ढवळीनं मान वळवली, तर एक डोळा तपकिरी आणि दुसरा निळाशार! समुद्राचा रंगच उतरला होता त्यात. मग ढवळीनं लांबचा वळसा घेतला. आणि गाडी थेट म्हातारीच्या दारात नेऊन उभी केली.

म्हातारीनं कसलंसं मूळ उगाळून बाळाला चाटवलं. हळूहळू ताप उतरला. बाळ टाहो फोडून रडलं आणि दूध पिऊ लागलं. म्हातारीनं माशाचं गरम कढण वाडग्यात ओतून तिनेनाच्या हातात दिलं. तिनेना ते घेऊन उठली.

"अगं, उपाशीपोटी कुठं निघालीस?"

"माझं मागनं. आधी त्यांचं. माझी लेक त्यांनी आणली."

बाहेर येऊन तिनं वाडगं ढवळीपुढं ठेवलं. तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि ढसाढसा रडली. ढवळीला सपाटून भूक लागलेली. पण तिनं आधी तिनेनाचे डोळे चाटून पुसले, मग वाडग्यात तोंड घातलं.

तेव्हापासून त्या मुलखात मुक्कामाला पोचलं, की आधी कुत्री जेवतात, मग माणसं. तिनेनाची लेक मोठी झाली, सगळी आनंदात राहिली. संपली गोष्ट. वळा आता कुशीवर, आणि झोपा बघू गुपचूप.