न शिवलेलं पुस्तक

“आठ दिवस! आठ दिवसांत एक पुस्तक निवडा आणि मंडळातल्या सगळ्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. नाहीतर वाचनमंडळ बंद, ग्रंथशाळेला कुलूप आणि आत माझे पोपट!” खिरणीगडचे राजे अमृतराव कडाडले.

राजांना धरून मंडळात माणसं आठ होती आणि भांडणं ऐंशी. प्रधान हैबतराव आणि त्यांच्या बाजूचे तिघे म्हणत, लघुकादंबरी वाचायची तर विज्ञानाचीच! उडती यानं, बोलती यंत्रं, ग्रहांवरची शेती. राजज्योतिषी घनश्यामशास्त्री आणि त्यांचे दोघे म्हणत, छे, अद्भुताचीच! यक्ष, राक्षस, चालणारी झाडं. एका बाजूने निवडलेलं पुस्तक दुसरी बाजू उघडतच नसे. प्रधानजींची निवड शास्त्रीबुवा उशाला घेत. शास्त्रीबुवांची निवड प्रधानजी ताकाच्या लोट्यावर झाकण म्हणून ठेवत.

“दोन्ही बाजू वाचतील असं पुस्तक जगात नाही, महाराज,” प्रधानजी म्हणाले.

“अगदी बरोबर!” शास्त्रीबुवा म्हणाले. तीन महिन्यांत दोघांचं हे पहिलंच एकमत.

“आहे!” कोपऱ्यातून आवाज आला.

कोपऱ्यात गोजरा बसली होती. पुस्तकं बांधणाऱ्या सखोबांची मुलगी. तिच्या हातातली सुई तशीच थांबली होती. मंडळ भरून झालं की दुसऱ्या दिवशी ग्रंथशाळा गावासाठी उघडत असे. कुंभार, परटिणी, माळणी दाराशी रांग लावत आणि रांगेत पहिली गोजरा. तिची अजून चार फळ्यांवरची पुस्तकं वाचायची राहिली होती. आणि तिथे पोपट?

“तू निवडणार?” शास्त्रीबुवा हसले. “तू तर पुस्तकं नुसती शिवतेस!”

“म्हणून तर मला ठाऊक आहे, शास्त्रीबुवा, कोणाच्या पुस्तकांची पानं मळतात आणि कोणाची कोरी राहतात. तुमची सगळी कोरी!”

प्रधानजी खो खो हसले.

“तुमची ताकाने मळलेली, प्रधानजी.”

प्रधानजींनी ताकाचा लोटा पाठीमागे सरकवला.

“निवड!” राजे म्हणाले. “पण चुकलीस तर ग्रंथशाळेची पायरी पुन्हा चढायची नाहीस. जन्मात नाही!”

गोजराने एकदा फळ्यांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “कबूल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आठ घरी आठ पुडकी पोचवली. प्रधानजींनी पुडकं उघडलं. आत नुसती सोळा पानं! गोष्ट झकास होती. चंद्रावर एक बाई विहीर खणते आणि उन्हावर चालणारा लोखंडी रहाट बसवते. रहाट फिरतो, दोर ताणला जातो, बादली वर येते आणि बादलीच्या काठावर आतून पाच बोटं...

पानं संपली!

“कुणाची बोटं?” प्रधानजी गोजराच्या दारात जाऊन ओरडले. “पुढची पानं कुठे आहेत?”

“शास्त्रीबुवांकडे,” गोजरा म्हणाली.

“त्याच्याकडे? मी त्याच्या दारात जाणार नाही!”

अर्ध्या तासात प्रधानजी शास्त्रीबुवांच्या दारात होते. एका पायात जोडा, दुसरा पाय अनवाणी!

शास्त्रीबुवांची अवस्था त्याहून वाईट होती. त्यांच्या पानांत विहिरीतून यक्षिणी निघाली होती. ती रहाटावर बसून गात होती, पण हा रहाट कसला, तो चंद्रावर आला कुठून, हे त्यांना कळेना. “ही यक्षिणी भिजलेली का आहे? आधी काय झालं ते सांगा हो!” असं म्हणत त्यांनी प्रधानजींच्या हातातली पानं ओढलीच.

मग गडावर जी पळापळ सुरू झाली! सेनापती तिसऱ्या पुडक्यातली पानं घेऊन निघाले, ते चौथ्या पुडक्याच्या शोधात मुदपाकखान्यात पोचले. खजिनदार पाचवी पानं पगडीत लपवून हिंडत होते. ती त्यांच्याकडून कोणी मागितली, तर ते आधी सहावी मागत. आणि राजे? त्यांच्या वाट्याला शेवटची पानं आली होती. पहिलंच वाक्य होतं, ‘म्हणून तिने चंद्र परत केला.’ कोणी? कोणाला? चंद्र घेतला होता कशाला? राजे स्वतः दारोदार फिरू लागले!

आठव्या दिवशी मंडळ भरलं. शास्त्रीबुवा तावातावाने उभे राहिले. “महाराज, या मुलीने ग्रंथशाळेचं पुस्तक फाडलं! शिक्षा करा!”

“फाडलं नाही, महाराज,” गोजरा म्हणाली. “नवं पुस्तक असं सोळा-सोळा पानांच्या घड्यांतच येतं. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. आठ फर्मे शिवले की पुस्तक. मी अजून शिवलंच नाही!”

“आणि वाटलेस कसे?” राजांनी विचारलं.

“पहिला, तिसरा, पाचवा, सातवा प्रधानजींच्या बाजूला. दुसरा, चौथा, सहावा शास्त्रीबुवांच्या. एका बाजूला बसून पुढे वाचताच येऊ नये म्हणून.”

राजांनी मिशीआड हसू दाबलं. मग एकेकाला प्रश्न विचारले. यक्षिणीचं नाव काय? रहाट कधी बंद पडला? सगळ्यांना सगळं येत होतं. सेनापती तर यक्षिणीचं गाणं गाऊन दाखवायला निघाले, त्यांना खाली बसवावं लागलं.

पण राजे हट्टी. “थांब! एक सांग. ही गोष्ट विज्ञानाची की अद्भुताची? एकाची म्हणालीस तर दुसरी बाजू म्हणेल, फसवून वाचायला लावलं. मग तू हरलीस!”

प्रधानजी पुढे झुकले. शास्त्रीबुवाही झुकले.

“मला नाही माहीत, महाराज,” गोजरा म्हणाली. “आठ दिवस ही मोठी मोठी माणसं माझ्या दारावर धडका देत होती. ‘पुढे काय झालं? पुढे काय झालं?’ प्रकार कोणता, हे एकानेही विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही! आणि महाराज, तुम्ही तर चार वेळा आलात!”

मग राजे असे हसले, असे हसले, की त्यांना लोडाला धरावं लागलं. “खरंय! पाचव्यांदा निघालो होतो, राणीसाहेबांनी अडवलं!” डोळे पुसत ते म्हणाले, “आजपासून पुस्तकं तू निवडायची. मंडळात बसायला नववी बैठक तुझी. आणखी काय हवं, माग!”

“एका बैठकीत कसं भागेल, महाराज? बाहेर उद्याच्या रांगेत आजच चाळीस जण उभे आहेत.”

“मग चाळीस बैठका मांडा!” राजे गरजले.

दारं उघडली, सतरंज्या पडल्या आणि परटीण ठकूबाई थेट प्रधानजींच्या शेजारी येऊन बसली. “जरा सरका हो प्रधानजी,” ती म्हणाली, “आणि तो पहिला फर्मा इकडे द्या!”