गुळाचा मान

वस्तू बोलायच्या, त्या काळची गोष्ट. भागाबाईच्या चुलीवर खोकणाऱ्या लेकीसाठी दूध उकळत होतं. हळद, सुंठ, मिरी आणि तुळस आत उतरली होती.

गूळ बाहेरून म्हणाला, “पाहुणा आला की आधी गूळपाणी देतात. मग इथे मी शेवटी का?”

“पातेलं खाली उतरू दे,” हळद म्हणाली. “उकळत्यात तू पडलास की दूध फाटतं.”

प्रश्न मानाचा होता. गुळाने उडी मारली. दूध फाटलं.

भागाबाईने घरातलं उरलंसुरलं दूध चुलीवर ठेवलं. मंडळी पुन्हा उकळली. या वेळी गूळ मुकाट्याने थांबला आणि शेवटी दुधात विरघळला.

लेकीने घोट घेतला. “आई, गूळ काय मस्त लागतोय!”

हळद घशात उतरली. तिला अजून खोकला थांबवायचा होता.